साखरेच्या जागी काय घालावं? गूळ, मध, स्टीव्हिया, सुक्रालोज: कोण कुठे चालतं, कुठे फसतं

किराणा दुकानात साखरेच्या पोत्याशेजारी हल्ली एक अख्खा कप्पा वेगळाच असतो. गूळ पावडर, देशी खांड, नारळाची साखर, खजुराचं सिरप, स्टीव्हियाच्या पुड्या, सुक्रालोजच्या गोळ्या, आणि ‘शून्य कॅलरी’ असं लिहिलेली, दिसायला साखरेसारखीच पांढरी पावडर. गिऱ्हाईक या कप्प्यासमोर उभं राहिलं की पहिला प्रश्न येतो, ‘नैसर्गिक कोणतं?’ निवड फसते ती इथेच. धोतऱ्याचं बीसुद्धा नैसर्गिकच असतं.

स्वयंपाकाच्या आणि तब्येतीच्या दृष्टीने कामाची विभागणी वेगळी आहे. एका बाजूला वेगळ्या नावाची साखर: गूळ, काकवी, खांड, खडीसाखर, ब्राऊन शुगर, मध, नारळाची साखर, खजूर. दुसऱ्या बाजूला खरोखर साखर नसलेले पदार्थ: स्टीव्हिया, सुक्रालोज, अ‍ॅस्पार्टेम, सॅकरीन, एरिथ्रिटॉल आणि त्यांची भावंडं. पहिल्या गटाने चव बदलते, रक्तातल्या साखरेचा हिशोब फारसा बदलत नाही. दुसऱ्या गटाने हिशोब बदलतो, पण पदार्थ बिघडू शकतो, कारण साखर फक्त गोडी देत नाही. ती पाणी धरून ठेवते, पाक होते, रंग आणते, वजन भरते आणि मुरंबा टिकवते. पदार्थात यातलं कोणतं काम साखरेकडे आहे ते ओळखलं की निम्मी निवड आपोआप होते.

गुळापासून सुरुवात करू, कारण सर्वांत जास्त गैरसमज त्याच्याच वाट्याला आलेत. १०० ग्रॅम साखरेत ४०० कॅलरी, तर १०० ग्रॅम गुळात सुमारे ३८०. फरक आहे तो बहुतांशी गुळातल्या ओलाव्याचा. उरलेला भाग मुख्यतः तीच उसाची साखर, थोडं ग्लुकोज-फ्रुक्टोज आणि थोडे क्षार. लोह असतं हे खरं, पण दिवसाला दोन चमचे गुळातून मिळणाऱ्या लोहासाठी गूळ खाणं म्हणजे मिठासाठी समुद्र पिणं. मधुमेह असलेल्या माणसाने ‘मी साखर सोडली, गूळ घेतो’ म्हणण्याला काहीच अर्थ नाही. गूळ खावा तो चवीसाठी. त्या बाबतीत त्याची बरोबरी कोणी करत नाही.

आता गूळ घ्यायचा कसा. कोल्हापुरी गुळाला २०१४ पासून भौगोलिक मानांकन आहे, पण ढेपेवरचं नाव बघून आतला माल कळत नाही. गुऱ्हाळात काहिलीतला रस आटवताना मळी वर आणण्यासाठी रानभेंडीचा चिकट रस आणि चुन्याची निवळी वापरतात. यात वावगं काही नाही. गोम असते ती पिवळाधमक रंग आणण्यासाठी घातलेल्या हायड्रॉस पावडरीत. ही गंधकयुक्त रसायनं रंग उडवतात, आणि गुळात गंधक डायऑक्साइड किती असावा यावर सरकारी मर्यादा आहे: किलोला ७० मिलिग्रॅम. असा फिका गूळ घरी दोन-तीन महिने ठेवला की हळूहळू काळवंडतो, कारण उडवलेला रंग हवेने परत येतो.

म्हणून काळा तो शुद्ध असंही नाही. शिळ्या उसाचा किंवा तळाला लागलेला रसही काळाच गूळ देतो, आणि त्याला करपट, किंचित खारट चव येते. चांगल्या गुळाचा रंग सोनेरी तपकिरीपासून विटकरीपर्यंत असतो. फोडल्यावर आत बारीक रवाळ कणी दिसते आणि वास उसाच्या रसाचा येतो. ढेप फोडल्यावर काचेसारखे चकचकीत खडे दिसले आणि चव नुसतीच गोड लागली, तर काहिलीत साखर मिसळल्याचा संशय घ्यावा. हा प्रकार नवा नाही, साखर स्वस्त असते त्या वर्षी तो वाढतो. घरच्या घरी एवढं करता येतं: एक चमचा गूळ पेलाभर पाण्यात विरघळवून अर्धा तास ठेवा. तळाला पांढरा साका बसला तर खडूची भुकटी. थोडं चिपाड किंवा काळे कण दिसले तर ती फक्त गाळणीची हयगय.

गूळ पावडर सोयीची आहे, पण पाकिटावर घटक वाचा. काहींत ओल शोषणारे पदार्थ असतात, काहींत साखर. पावडर करायला गूळ जास्त आटवावा लागतो, त्यामुळे ढेपेतला तो ताजा वास तिच्यात कमी असतो. चहाला ठीक, पुरणपोळीला ढेपच.

गुळाचा चहा फाटतो ही तक्रार सर्वत्र आहे. कारण साधं आहे. गूळ किंचित आंबट असतो, त्यात क्षार असतात, आणि उकळत्या दुधातली प्रथिनं या दोन्हींमुळे आकसतात. उपाय असा: पाणी, आलं, चहापूड, दूध हे नेहमीसारखं उकळा, गॅस बंद करा, पूर्ण एक मिनिट थांबा, मग किसलेला गूळ घालून ढवळा आणि लगेच गाळा. पुन्हा गरम करायचं नाही. थर्मासमध्ये भरायचा असेल तर गूळ चहाच्या पाण्यातच उकळून गाळून घ्या आणि दूध वेगळं तापवून शेवटी मिसळा. आणि हो, ‘आमच्या गुळाचा चहा फाटत नाही’ ही दुकानदाराची जाहिरात शुद्धतेची खूण मानू नका. चुना किंवा सोडा जास्त पडलेल्या गुळाचा आंबटपणा मेलेला असतो, म्हणून तोच सर्वांत कमी फाटतो.

चिक्कीचा गूळ वेगळा मागून घ्यावा. तो जास्त तापवलेला आणि चिवट असतो, पाक कडक होतो. साध्या गुळाची चिक्की दाताला चिकटते आणि पावसाळ्यात दोन दिवसांत मऊ पडते. गुळपोळीला मात्र मऊ, पिवळसर, सहज कुस्करता येणारा गूळ हवा, नाहीतर पोळी लाटताना खडे टोचून फुटते. गोव्यात आणि तळकोकणात दोदोल किंवा अळसांद्याची खीर करायची तर माडाचं गोड लागतं: नारळाच्या नीरेपासून केलेला, सुळकेदार आकाराचा काळपट गूळ. त्याला धुरकट, किंचित खारट चव असते आणि उसाचा गूळ घालून ती येत नाही. ‘नारळाची साखर’ म्हणून महागड्या पाकिटात मिळते ती याचीच सुकी, शहरी बहीण, आणि तिच्यातही मुख्यतः सुक्रोजच, म्हणजे साखरेतली साखर. चवीला घ्या, मधुमेहासाठी नको.

खडीसाखर, खांड, ब्राऊन शुगर यांवर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. खडीसाखर म्हणजे मोठ्या दाण्याची साखर. ब्राऊन शुगर म्हणजे बहुतेकदा मळीचा हात फिरवलेली साखर. खांड चवीला छान, बेसनाच्या लाडवात विशेष. पुढे चला.

मधात ८० टक्क्यांच्या आसपास साखर आणि १७ ते २० टक्के पाणी. चमच्याला गोडी साखरेपेक्षा जरा जास्त, म्हणून तो थोडा कमी पुरतो. डिसेंबर २०२० मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने बाजारातले मध तपासले, तेव्हा बहुतेक नमुन्यांत साखरेच्या सिरपची भेसळ निघाली. ही सिरपं साध्या चाचण्यांना चकवतील अशीच बनवलेली होती. त्यामुळे पाण्यात थेंब टाकणे, काडी पेटवणे, कागदावर पसरणे हे घरगुती प्रयोग विसरा. मध थिजला म्हणजे साखर मिसळली हाही गैरसमज. ग्लुकोज जास्त असलेला अस्सल मध हिवाळ्यात थिजतोच, कोमट पाण्यात बरणी ठेवली की पातळ होतो. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. अशा ठिकाणी मधपाळाकडून, कोणत्या हंगामाचा ते विचारून घेतलेला मध चवीला वेगळाच कळतो.

एक गोष्ट मात्र ठासून सांगायला हवी. एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नका, बाळगुटीतही नाही, नावालाही नाही. मधात बॉट्युलिनम जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना ते बाधत नाहीत, पण तान्ह्याच्या आतड्यात रुजून विष तयार करतात. मध अस्सल असल्याने हा धोका कमी होत नाही.

खजुराच्या वजनाचा दोन तृतीयांशाच्या आसपास भाग साखर असते, पण सोबत चोथा येतो आणि गर आयता वजन भरतो. त्यामुळे साखर काढून टाकल्यावर जी पोकळी राहते ती भरायला खजूर उत्तम. सिरप घेऊ नका, त्यात चोथा नसतो, उरते ती साखरच.

आता दुसरा गट. इथे आकडे समजून घेतले की पुड्यांची जादू उतरते. सुक्रालोज साखरेच्या ६०० पट गोड, सॅकरीन ३०० ते ४०० पट, स्टीव्हियाचा अर्क २०० ते ३०० पट, अ‍ॅस्पार्टेम २०० पट. म्हणजे चमचाभर साखरेच्या, ५ ग्रॅमच्या, जागी सुक्रालोज लागतं सुमारे ८ मिलिग्रॅम, चिमटीतही न येणारं. मग पुडीत ग्रॅमभर पावडर कशाची असते? भरतीची. लॅक्टोज, डेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन किंवा एरिथ्रिटॉल. पहिली तीन म्हणजे कर्बोदकंच. एका पुडीला फरक पडत नाही, पण खिरीत वीस पुड्या फोडल्या की पडतो. पाकिटावर समोर हिरवं पान आणि मोठ्या अक्षरात ‘स्टीव्हिया’, मागे घटकांत एरिथ्रिटॉल ९८-९९ टक्के, असा माल सर्रास मिळतो. वाईट नाही, पण तुम्ही पैसे कशाचे मोजताय ते माहीत असावं.

सुक्रालोजची जन्मकथा आपल्याकडच्या वाचकाला आवडेल. १९७६ मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात लेस्ली हफ यांच्या प्रयोगशाळेत शशिकांत फडणीस काम करत होते. क्लोरीन जोडलेल्या साखरेची ‘टेस्ट’, म्हणजे चाचणी, करायला सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं ‘टेस्ट’, म्हणजे चव घ्या, आणि घेतली. देवनागरीत लिहिलं की दोन्ही शब्द सारखेच दिसतात, तेव्हा चूक क्षम्य म्हणायची.

चवीच्या परीक्षेत सुक्रालोज सर्वांत साखरेजवळ जातं, फक्त गोडी जिभेवर जरा जास्त रेंगाळते. स्टीव्हिया मागाहून ज्येष्ठमधासारखं कडवट लागतं. आलं-वेलची घातलेल्या चहात ते झाकलं जातं, नुसत्या दुधात उघडं पडतं. कुंडीतली स्टीव्हियाची पानं चहात उकळण्याची हौस अनेकांना असते. त्याने गवताचा वास येतो आणि प्रत्येक वेळी गोडी वेगळी पडते. सॅकरीन स्वस्त, पण धातूसारखी कडू छटा सोडतं. अ‍ॅस्पार्टेमची चव स्वच्छ आहे, पण ते उष्णतेने मोडतं आणि गोडी जाते. चहा उकळताना घातलं तर फिका, दुसऱ्यांदा गरम केला तर आणखी फिका. ते कपात, वरून घालायचं. सुक्रालोज आणि स्टीव्हिया चहा-खिरीच्या उकळीला टिकतात. मात्र सुक्रालोज १२० अंशांच्या पुढे, म्हणजे भट्टीतल्या बिस्किटांत किंवा तळणीच्या पिठात, वापरू नये. त्या तापमानाला त्यातून क्लोरीनयुक्त नको ती संयुगं तयार होऊ शकतात, असा इशारा जर्मनीच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१९ मध्ये दिला आहे.

एरिथ्रिटॉल, झायलिटॉल, मॅल्टिटॉल, सॉर्बिटॉल हे वेगळं घराणं. यांना साखरेसारखं वजन आणि दाणा असतो. एरिथ्रिटॉल साखरेच्या सुमारे ७० टक्के गोड, कॅलरी जवळजवळ शून्य, आणि विरघळताना उष्णता ओढून घेतं म्हणून जिभेला पेपरमिंटसारखं गार लागतं. मॅल्टिटॉल ९० टक्के गोड, पण ग्रॅमला दोनाहून अधिक कॅलरी देतं आणि रक्तातली साखर वाढवतंच, फक्त कमी वेगाने. ‘शुगरफ्री’ चॉकलेट आणि डबाबंद मिठाईत बहुधा हे किंवा सॉर्बिटॉल असतं. जास्त खाल्लं की पोट गुरगुरतं आणि धावपळ होते, म्हणूनच पाकिटावर रेचक परिणामाची सूचना छापलेली असते. लग्नघरी याची वाटी फिरवताना तेवढं लक्षात ठेवा.

स्वयंपाकात हे सगळं कसं वागतं? चहा, कॉफी, लिंबू सरबत, दूध, खीर: इथे साखर केवळ गोडीसाठी असते, म्हणून पर्याय चालतो. खिरीत शेवटी, गॅस बंद करून घालावा. खीर साखरेच्या खिरीपेक्षा किंचित पातळ लागेल, म्हणून दूध पाच मिनिटं जास्त आटवा. तांदूळ आणि दूध तसेच राहतात, त्यामुळे बिनसाखरेच्या खिरीच्या दोन वाट्या मधुमेहाला निर्धोक होत नाहीत.

शिऱ्यात गडबड सुरू होते. वाटीभर रव्याला वाटीभर साखर पडते तेव्हा ती विरघळून शिरा ओलसर आणि चकचकीत ठेवते. नुसत्या सुक्रालोजचा शिरा गार झाला की वाळूसारखा सुटतो. अर्धी साखर ठेवून उरलेल्या गोडीसाठी पर्याय आणि एक कुस्करलेलं केळं, असं केलं तर निभतं. बेसनाचे लाडू त्या मानाने सोपे. तिथे साखर तुपात नुसती मिसळलेली असते, विरघळायची गरज नसते. वाटीभर पिठीसाखरेच्या जागी पाऊण वाटी एरिथ्रिटॉल मिक्सरमधून अगदी मैद्यासारखं दळून घ्या, गोडीची तूट चिमूटभर स्टीव्हिया अर्काने भरा. बेसन खमंग भाजलेलं असलं की गारपणा जाणवत नाही. दळताना कसर राहिली तर दाताखाली काच आल्यासारखं लागतं. रव्याचे पाकातले लाडू मात्र करू नका. एरिथ्रिटॉलच्या पाकाला तार येत नाही, आणि गार होताच त्याचे पुन्हा खडे होतात. लाडू आधी वळत नाहीत, वळलेच तर दुसऱ्या दिवशी दगड.

श्रीखंडात साखर चक्क्यातलं पाणी ओढून त्याला सैल, मुलायम करते. सुक्रालोजने ते घट्ट आणि आंबट राहतं, दोन-तीन चमचे दूध घालून फेटावं लागतं. एरिथ्रिटॉलचं श्रीखंड पहिल्या तासात फक्कड लागतं आणि रात्रभर फ्रिजमध्ये राहिलं की कचकचतं. थंडीत त्याची विद्राव्यता साखरेच्या जवळपासही नसते.

पुरणाला खरा पर्याय नाही. वाटीभर डाळीला वाटीभर गूळ हे माप पाऊण वाटीवर आणलं, जायफळ जरा सढळ हाताने घातलं, तर कोणाच्या लक्षातही येत नाही. अर्ध्या वाटीवर आणलं की पुरण कोरडं पडतं आणि पोळी कडेला फाटते. उकडीच्या मोदकाच्या सारणालाही हाच नियम: दोन वाट्या ओल्या खोबऱ्याला एकाऐवजी पाऊण वाटी गूळ. घरात कोणाला साखर कमी करायची असेल तर महागड्या पावडरीपेक्षा हा चौथा हिस्सा कापणं स्वस्त आणि खात्रीचं. (कटाच्या आमटीला धक्का लागत नाही, कट गुळाआधीच काढलेला असतो.)

चिक्की, कॅरमल, मुरंबा यांच्या नादी लागू नका. एरिथ्रिटॉल तांबूस होत नाही. मुरंबा टिकतो तो ६५ टक्क्यांच्या वरच्या साखरेने बुरशीला पाणी न मिळाल्यामुळे. स्टीव्हियाचा मुरंबा म्हणजे गोड भाजी: फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्यात संपवा.

सुरक्षिततेबद्दल दोन्ही टोकाची ओरड ऐकू येते. जागतिक तज्ज्ञ समितीने अ‍ॅस्पार्टेमसाठी दिवसाला वजनाच्या किलोमागे ४० मिलिग्रॅम ही मर्यादा ठेवली आहे. ६० किलोच्या माणसाला ती ९६ चमचे साखरेच्या गोडीइतकी होते. जुलै २०२३ मध्ये कर्करोगाच्या दृष्टीने त्याला ‘शक्यता आहे, पुरावा मर्यादित’ या गटात टाकलं, त्याच वेळी ही मर्यादा कायम ठेवली गेली. सुक्रालोजची कडक, अमेरिकी मर्यादा किलोला ५ मिलिग्रॅम, म्हणजे त्याच माणसाला ३६ चमच्यांची गोडी. मोठ्यांना चहातून ती ओलांडणं कठीण. पण १५ किलोच्या मुलाला तीच मर्यादा नऊ चमच्यांवर येते, आणि दोन-तीन ‘शुगरफ्री’ पेयं त्या जवळ नेतात. पाकिटावर मुलांसाठी नाही असं छापतात ते उगाच नव्हे. फेनिलकीटोन्युरिया हा जन्मजात विकार असलेल्यांनी अ‍ॅस्पार्टेम पूर्ण टाळायचं. एरिथ्रिटॉलबद्दल २०२३ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आलेल्या अभ्यासात रक्तातलं त्याचं जास्त प्रमाण आणि हृदयविकार यांचा संबंध दिसला. कारण सिद्ध झालेलं नाही, तरी हृदयरोग असलेल्याने ते रोज मूठमूठ खाऊ नये एवढं त्यातून घ्यावं.

वजन कमी करायला म्हणून हे पर्याय घेणाऱ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा मे २०२३ चा सल्ला स्पष्ट आहे: त्यासाठी वापरू नका, दीर्घकाळात फायदा दिसत नाही. हा सल्ला आधीच मधुमेह असलेल्यांना लागू नाही. त्यांनी चहाच्या दोन चमच्यांच्या जागी गोळी घेतली तर दिवसाची चार कपांतली ४० ग्रॅम साखर खरोखर वाचते. मिठाईच्या दुकानातल्या ‘शुगरफ्री’ काजूकतलीत मात्र काजू तेवढेच असतात, गुलाबजामात खवा आणि मैदा तेवढाच.

घरात कुत्रा असेल तर झायलिटॉल आणूच नका. च्युइंगगममधलं थोडंसंही कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्याने पाडतं आणि जीव जाऊ शकतो.

आणि ज्या घरात इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, तिथे सगळी साखर हद्दपार करून चालत नाही. रक्तातली साखर फार उतरून घाम, थरथर, बडबड सुरू झाली की स्टीव्हियाचं सरबत काही करत नाही, चॉकलेट त्यातल्या चरबीमुळे उशिरा उतरतं. शुद्धीवर असलेल्या माणसाला तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज अर्ध्या पेला पाण्यात विरघळवून लगेच द्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. त्यासाठी एक छोटी डबी हाताशी ठेवा आणि तिच्यावर ठळक अक्षरांत ‘खरी साखर’ लिहा. शेजारी तशीच दिसणारी एरिथ्रिटॉलची बरणी असते.